लहान खोलीत, वाइड लेन्सने पोर्ट्रेट

पोर्ट्रेटसाठी ८५ किंवा १०५ मिमीची लेन्स घ्यावी हा सल्ला योग्यच आहे. चेहरा हाच विषय असेल तेव्हा मीही तीच लावतो. पण माणूस त्याच्या कामाच्या जागेसकट दाखवायचा असेल आणि जागा लहान असेल, तर ८५ मिमीचा उपयोग संपतो. भिंतीला पाठ टेकवून अडीच मीटरवरून आडवी फ्रेम लावली तर तिच्यात जेमतेम सत्तर सेंटिमीटर उंची मावते. म्हणजे छातीपासून वरचा माणूस आणि मागे धूसर रंग. त्याची हत्यारं, टेबल, खिडकी, भिंतीला टांगलेले साचे, सगळं बाहेरच राहतं. अशा वेळी मी २४ किंवा ३५ मिमीची वाइड लेन्स काढतो, म्हणजे जास्त रुंद दृश्य मावणारी.

एका सुतारकारागिराच्या पोर्ट्रेटचं काम उदाहरणादाखल सांगतो, कारण वाइड लेन्सच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका खोलीत येऊन जातात. खोली तीन मीटर रुंद आणि चार मीटर खोल. कारागीर टेबलामागे उभे, त्यांच्या पाठीमागची भिंत १.२ मीटरवर. पुढचे सगळे आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याचे, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरचे आहेत. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) दीडने भागायची, म्हणजे २४ च्या जागी १६ आणि ३५ च्या जागी २३ मिमी. आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरला सरळ निम्मी.

पहिला निर्णय अंतराचा. वाइड लेन्स नाक मोठं करते असं सर्रास म्हटलं जातं, पण नाक मोठं होतं ते कॅमेरा जवळ नेल्यामुळे. वाइड लेन्सने चेहरा फ्रेमभर भरायचा तर जवळ जावंच लागतं, म्हणून दोष लेन्सच्या माथी बसतो. हिशोब अगदी सोपा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर असतो, आणि नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. ६० सेंटिमीटरवर हाच फरक २० टक्के होतो, दीड मीटरवर ८ टक्के आणि अडीच मीटरवर ५ टक्क्यांच्या आसपास. लेन्स कोणतीही लावा, हे आकडे बदलत नाहीत. अडीच मीटरवरून २४ मिमीने काढलेला फोटो क्रॉप करून ८५ मिमीच्या फोटोशेजारी ठेवला तर चेहऱ्याची ठेवण दोन्हीत तीच दिसते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, जागा न बदलता दोन्ही लेन्सनी फोटो काढून बघावा.

म्हणून मी आधी अंतर ठरवतो आणि मग लेन्स. चेहरा त्या माणसाचाच वाटायला हवा असेल तर दीड मीटरच्या आत मी जात नाही. या खोलीत मागे भिंतीला टेकून जास्तीत जास्त अडीच मीटर मिळतात. म्हणजे खेळायला दीड ते अडीच मीटर एवढाच पट्टा.

त्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन वेगळे फोटो आहेत. ३५ मिमी लावून अडीच मीटरवर उभं राहिलं तर कारागीर जिथे उभे आहेत तिथे २.५७ मीटर रुंदी आणि १.७ मीटर उंची फ्रेममध्ये येते. २४ मिमी लावून १.७ मीटरवर गेलं तर माणूस साधारण तेवढाच दिसतो, पण बाकी सगळं हलतं. टेबलावरचे हात शरीराच्या ४० सेंटिमीटर पुढे आहेत. ते ३५ मिमीच्या फोटोत चेहऱ्याच्या मानाने १९ टक्के मोठे दिसतात, २४ मिमीच्या फोटोत ३१ टक्के. टेबलाची पुढची कड तर आणखी अंगावर येते. मागची भिंत उलट दूर सरकते, तिच्यावरची हत्यारं लहान होतात आणि लहानशी खोली ऐसपैस वाटू लागते.

इथे मी २४ मिमी घेतली, ती हातांसाठी. ज्याचं सगळं आयुष्य हातांच्या जोरावर चाललंय त्याचे हात चेहऱ्यापेक्षा थोडे मोठे, थोडे पुढे आले तर ते खटकत नाही, उलट फोटोला अर्थ येतो. नखात बसलेली पॉलिश, रंध्याच्या मुठीवर घट्ट झालेला अंगठा आणि त्याच्या बाजूचा जुना घट्टा या सगळ्याला फ्रेममध्ये जागा मिळते. तेच एखाद्या लेखकाचं किंवा शिक्षकाचं पोर्ट्रेट असतं तर ३५ मिमी घेऊन मागे राहिलो असतो. २८ मिमी या दोन्हींच्या मधली, आणि एकच वाइड लेन्स घ्यायची असेल तर माझं मत ३५ ला. २० मिमी आणि त्याहून वाइड लेन्स माणसासाठी क्वचितच उपयोगी पडते. माणूस पूर्ण उंचीचा, फ्रेमच्या मध्याजवळ आणि बऱ्यापैकी लहान असेल तरच.

माणसाला उभं करण्याआधी रिकामी फ्रेम लावून घेतो. एक लाइट स्टँड माणसाच्या उंचीएवढा करून त्याच्या जागी ठेवायचा आणि चारही कडा डोळ्याने एकदा फिरून यायच्या. ८५ मिमीसारख्या टेलिलेन्सला मागची अडगळ धूसर होऊन जाते, वाइड लेन्स सगळं दाखवते. प्लगमध्ये अडकलेला चार्जर, दाराआडची पिशवी, छतावरची लोंबती वायर. यातलं काय काढायचं हे जपून ठरवावं लागतं. खोली आवरून चकचकीत केली तर ती त्या माणसाची राहत नाही. मी फक्त दोन प्रकारच्या गोष्टी हलवतो : डोक्याच्या मागून उगवल्यासारख्या दिसणाऱ्या, आणि उजळ रंगामुळे फ्रेमच्या कोपऱ्यात नजर खेचणाऱ्या. बाकीच्यांना हात लावत नाही. अमेरिकन छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये काढलेल्या इगोर स्ट्राविन्स्की यांच्या पोर्ट्रेटमध्ये पियानोचं उघडं झाकण जवळजवळ सगळी फ्रेम व्यापतं आणि संगीतकार खालच्या कोपऱ्यात आहेत. त्यांच्याबद्दल सांगायला तेवढी एक वस्तू पुरते. खोलीत शंभर वस्तू असल्या तरी त्यातली एक कोणती, हे आधी ठरलं की कॅमेरा कुठे लावायचा हे आपोआप कळतं. इथे ती वस्तू होती भिंतीवर उतरत्या क्रमाने लावलेल्या पटाशा. त्या डोक्याच्या उजव्या बाजूला मोकळ्या दिसाव्यात म्हणून कॅमेरा साधारण वीतभर उजवीकडे सरकवला. जवळचा माणूस आणि लांबची भिंत यांचं नातं वाइड लेन्सला एवढ्याशा सरकण्यानेही बदलतं.

यानंतर कॅमेऱ्याची उंची आणि पातळी, आणि इथे घाई करून चालत नाही. सेन्सर शरीराला समांतर असेल तोवर डोकं, धड, पाय यांचं एकमेकांशी प्रमाण बरोबर राहतं. कॅमेरा कलला की बिघडतं. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो १.४ मीटरवरून, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून आणि तो साधारण २८ अंश खाली झुकवून काढला, तर पायांच्या तुलनेत डोकं १.६ पट मोठं उमटतं. उंच माणूसही बुटका, मोठ्या डोक्याचा दिसतो. कॅमेरा खाली नेऊन वर कलवला तर पाय लांब होतात, जबडा जड होतो आणि भिंतींच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. पूर्ण उंचीच्या फोटोला मी कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणतो आणि कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल दोन्ही दिशांना हिरवी होईपर्यंत जुळवतो. टेबलामागच्या या फोटोला १.२ मीटर उंची धरली. त्यापेक्षा खाली गेलं तर टेबलाची कड हात झाकायला लागली असती.

आता कडांचा प्रश्न. अंतर बरोबर ठेवलं, कॅमेरा सरळ ठेवला, तरी फ्रेमच्या कडेला गेलेला चेहरा बाहेरच्या दिशेला ओढला जातो. सरळ रेषा सरळच दाखवणाऱ्या प्रत्येक लेन्सचा हा गुण आहे आणि लेन्स कितीही महागडी घेतली तरी तो जात नाही. मध्यापासून जितका कोन वाढतो तितका गोल वस्तूचा अंडाकार होतो. २४ मिमीला आडव्या फ्रेमच्या उजव्या-डाव्या कडेच्या मध्यावर हा ताण २५ टक्के आणि कोपऱ्यात साधारण ३४ टक्के असतो. ३५ मिमीला कडेवर तो १२ टक्के, आणि १६ मिमीला तब्बल ५० टक्के. चेहरा हा आपल्या डोळ्याला इतका पाठ असतो की सहा टक्क्यांच्या पुढे काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागतं. दहा टक्क्यांना तर ज्याचा फोटो आहे तो स्वतः म्हणतो, मी एवढा जाड आहे का?

यावर माझा साधा उपाय कॅमेऱ्यातली तीन बाय तीनची जाळी. २४ मिमीला डोकं मधल्या चौकटीत ठेवलं तर ताण साडेचार टक्क्यांच्या आत राहतो. चौकटीतून थोडं बाहेर गेलं तरी चालतं. कारागीर आडव्या फ्रेमच्या डाव्या तृतीयांश रेषेवर उभे होते, डोळे कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा चाळीस सेंटिमीटर वर. तिथे ताण सहा टक्क्यांच्या जवळ येतो, तेवढा चालवून घेतला. तिथून आणखी कडेकडे, मध्यापासून साधारण तीन चतुर्थांश पल्ल्यापर्यंत नेलं असतं तर सतरा टक्के झाला असता.

उभ्या फ्रेममधला पूर्ण माणूस या बाबतीत सगळ्यात अवघड, कारण डोकं अगदी वरच्या कडेला जातं. १.४ मीटरवर २४ मिमी लावून पावणेदोन मीटर उंचीचा माणूस बरोबर बसतो, पण चेहऱ्याच्या मध्याला दहा टक्के आणि केसांपाशी पंधरा टक्के ताण येतो. कपाळ उंच आणि डोकं लांबट दिसण्याचं कारण हेच. त्यावर उपाय म्हणजे मागे जाऊन क्रॉप करणं. १.४ वरून १.८ मीटरवर आलं की चेहऱ्याचा ताण सहा टक्क्यांवर येतो आणि चारी बाजूंना मोकळी जागा सुटते. ती नंतर कापायची. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कापल्यावर १४ मेगापिक्सेल उरतात, आणि तेवढे भरपूर झाले. जागा नसेल तर मांडीपर्यंतचा फोटो घ्यावा.

दोन-तीन माणसं एकत्र असतील तर दोन्ही कडांना मोकळी जागा सोडून सगळ्यांना मध्यात आणायचं. ग्रुपची टोकं पुढे वळवून अर्धगोल करायची सवय अनेकांना असते, पण वाइड लेन्ससमोर ती अंगाशी येते. कडेची माणसं जवळही येतात आणि ताणलीही जातात. त्यापेक्षा ओळ सरळ ठेवावी आणि कडेच्या माणसांनी खांदे सेन्सरला समांतर ठेवावेत. सेन्सरला समांतर असलेल्या सपाट भागाचा आकार बिघडत नाही.

हातपायांच्या बाबतीत नियम एकच : कॅमेऱ्याच्या दिशेने जे येईल ते वाढेल. गुडघा पुढे काढून बसलेला माणूस, टेबलावर कोपर टेकून पुढे झुकलेला माणूस, हे ८५ मिमीला चांगले दिसणारे पवित्रे २४ मिमीला फसतात. पुढे झुकल्यावर डोकं मोठं आणि धड लहान होतं. मी सांगतो ते एवढंच : ‘हात आहेत तिथेच असू द्या, पाठ सरळ करा आणि मान तेवढी वर घ्या.’ दुसरी गोष्ट, माणसाला पडद्यावर एकदा फ्रेम दाखवतो. कॅमेरा जवळ असल्यामुळे त्याला वाटतं की फक्त चेहराच येतोय, आणि हात नको तिथे लपवले जातात. फ्रेम पाहिली की तो आपणहून हातात काहीतरी घेतो आणि काम सुरू करतो. बहुतेक वेळा तोच फोटो चांगला येतो.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; एफ-आकडा लहान तितकं ते मोठं) ठरवताना चेहरा, हात आणि भिंत या तिघांचं काय करायचं ते बघावं लागतं. १.७ मीटरवर चेहऱ्यावर फोकस असताना २४ मिमीला एफ/१.४ वर साधारण १.५१ ते १.९४ मीटर एवढा पट्टा स्पष्ट येतो. हात १.३ मीटरवर आहेत, ते सुटतात. भिंत धड स्पष्ट नाही, धड धूसर नाही. वाइड लेन्सच्या मोठ्या अ‍ॅपर्चरवर भाळून काढलेल्या फोटोंमध्ये हा अर्धवटपणा फार दिसतो. एफ/२.८ ला पट्टा १.३६ पासून सुरू होतो, म्हणजे हात अजूनही थोडक्यात बाहेर. एफ/४ ला तो १.२५ ते २.६ मीटर होतो : हात आत आले, चेहरा मधोमध, आणि २.९ मीटरवरची भिंत किंचित मऊ पण वाचता येणारी. मी एफ/४ वर थांबलो. पटाशांची धारही दिसायला हवी असती तर एफ/८ घेतला असता, त्यात जवळजवळ एक मीटरपासून पावणेसहा मीटरपर्यंत सगळं येतं. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नेत नाही. वाइड लेन्सला कॅमेऱ्याचं कंपन कमी दिसतं हे खरं, पण रंधा चालवणारा हात तर हलतोच.

फोकस मध्यावर घेऊन मग कॅमेरा फिरवून फ्रेम लावायची जुनी रीत इथे सोडून द्यावी. १.७ मीटरवर फोकस करून कॅमेरा ३० अंश फिरवला तर फोकसची पातळी चेहऱ्याच्या २३ सेंटिमीटर मागे जाते. एफ/१.४ ला डोळे हमखास सुटतात. फोकस पॉइंट आधी चेहऱ्यावर न्यावा किंवा आय-एएफ (डोळा शोधून त्यावर आपोआप फोकस करणारी सोय) चालू ठेवावा. फ्रेममध्ये चेहरा लहान असला की आय-एएफ मागच्या एखाद्या चमकत्या वस्तूकडे पळतो, म्हणून दर थोड्या वेळाने फोटो मोठा करून पापणी तपासतो.

प्रकाशाचं गणितही बदलतं. ८५ मिमीने छातीपर्यंतचा फोटो काढताना सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून ८० सेंटिमीटरवर आणता येतो. इथे १.७ मीटरवर फ्रेमची अर्धी रुंदीच सव्वा मीटर आहे. माणूस मध्यात धरला तरी ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स फ्रेमबाहेर ठेवायचा तर त्याचा मध्य किमान १.६ मीटर लांब जातो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशावर उतरतो आणि सावल्यांच्या कडाही कडक होतात, म्हणून जमलं तर मोठा सॉफ्टबॉक्स घ्यावा. छतावर फ्लॅश मारून उजेड पसरवायची सोय इथे नाही. वाइड फ्रेममध्ये छतावरचा तो पांढरा डाग दिसतो. त्यापेक्षा माझ्या मागच्या भिंतीवर फ्लॅश मारला, तिची सगळी रुंदीच दिव्यासारखी वागते. फ्लॅश सरळ वापरायचा असेल तर त्याचा झूम हाताने २४ वर आणावा, नाहीतर कोपरे काळे पडतात.

खिडकी फ्रेममध्ये असेल तर एक्स्पोजर खिडकीच्या बाजूने ठेवतो, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो आणि आतल्या सावल्या फ्लॅशने थोड्याच उचलतो, कारण पूर्ण उचलल्या तर खोलीचा खोलपणा जातो. खिडकीचा उजेड थंड आणि खोलीतला पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर आले की नंतर रंग सावरत नाहीत. बल्ब बंद करणं सगळ्यात सोपं. तो दिसायलाच हवा असेल तर चेहऱ्यापासून लांब असू द्यावा. वाइड लेन्सचं हूड (पुढचं उजेड अडवणारं कडं) उथळ असतं, त्यामुळे बाजूचा दिवा पुढच्या काचेवर आला की सगळ्या फोटोवर धुकं येतं. पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून तो उजेड तोडायचा, आणि तो पुठ्ठा फ्रेममध्ये येत नाही ना हे बघायचं.

संगणकावर आल्यावर लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष काढणारी तयार दुरुस्ती) डोळे झाकून लावत नाही. प्रोफाइल रेषांचा फुगीरपणा काढतं, पण तसं करताना कोपरे बाहेर ओढतं, म्हणजे कडेचा चेहरा आणखी ताणला जातो. सरळ रेषा महत्त्वाच्या नसतील तर ती दुरुस्ती निम्म्यावर ठेवतो. कोपऱ्यांचा काळेपणाही सगळा काढत नाही, थोडा राहिला तर नजर माणसावर टिकते. कडेला ताणलेलं डोकं सुधारायचंच असेल तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंट या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीच वेगळी दुरुस्ती आहे. ती चेहरे सावरते, पण त्या बदल्यात भिंतीच्या रेषा वाकतात, म्हणून मागे कपाट किंवा दार असेल तर जपून.

उभ्या रेषा सरळ करणारा व्हर्टिकल स्लायडर शेवटी हाताळावा आणि थोडाच. कॅमेरा वर कललेला असेल तर हा स्लायडर फोटोचा वरचा भाग रुंद करतो, आणि माणसाचं डोकं नेमकं तिथेच असतं. कपाट अगदी ओळंब्यात आलं आणि कपाळ रुंदावलं असं होण्यापेक्षा कपाट अंशभर कललेलं राहू देतो. बघणारा कपाट मोजत नाही, चेहरा मात्र लगेच ओळखतो.